डाव्या बाजूची पट्टी

अकोला, १८ नोव्हेंबर २०२४

इमादभाई,

सलाम. तुझा फोन लागत नाही. म्हणजे माझ्या नंबरवरून लागत नाही. शेजारच्या दुकानातून लावला तर वाजला, तू "हॅलो" म्हणालास, आणि मी ठेवून दिला. म्हणून हे पत्र. तिवस्यात तू ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात आहेस एवढं ठाऊक होतंच, पत्ता काढायला वेळ लागला नाही.

मला एकच विचारायचं आहे. अमरावतीच्या कमलाकांत वकिलांना आमच्याकडे तू पाठवलंस का?

"आमच्याकडे" लिहिलं गेलं. खोडत नाही.

गॅरेज चालू आहे. तू गेलास तेव्हा अब्बांनी वेल्डिंगचा टॉर्च खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. मी अमरावतीची नोकरी सोडून इथं उभी राहिले. सुरुवातीला लोक गाडी लावायचे आणि "मिस्त्री कुठं आहे" म्हणून मलाच विचारायचे. आता विचारत नाहीत. अब्बा दाराजवळ खुर्ची टाकून बसतात आणि गाडी फाटकात शिरायच्या आत तिचं दुखणं सांगतात, नुसत्या आवाजावरून. डोळे जवळजवळ गेलेत. मोतीबिंदू आहे, काढता येतो, पण ते दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. "आता पाहाचं काय राह्यलं," म्हणतात. त्या अपघाताच्या धक्क्यानं झालं असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. तुला वाचायला बरं वाटणार नाही, पण म्हणते.

तर वकील. गेल्या महिन्यात त्यांनी टेम्पोवर घालून एक जुनी जीप आणली. त्यांच्या वडिलांची. कित्येक वर्षं संत्र्याच्या बागेत, काळ्या मातीवर उभी होती. इंजिन ठीक, वरची बॉडीही ठोकून-ठाकून होईल, पण खालची चेसी पार गेलेली. पेचकस टोचला की आरपार. मी म्हटलं, दुसरी चेसी शोधावी लागेल. तर हे म्हणतात, "शोधलीय. बाळापूरच्या चंद्रभान भंगारवाल्याकडून आणलीय." टेम्पोत खाली ठेवलेली होतीच, रेड ऑक्साइड फासलेली. एवढा जाड रंग की जणू घाईत अंगावर शाल ओढली.

"आमचं नाव कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"तिवस्याला एक जण भेटला. म्हणाला, जुन्या गाडीला दुसरी चेसी जुळवायची तर अकोल्याला ताहेर मिस्त्रींकडेच जा."

तिवस्यात आमच्या बापाचं नाव घेणारा दुसरा कोण आहे?

मी रंग खरवडला. जिथं चेसीचा नंबर कोरलेला असतो तिथला चौकोनी तुकडाच कापून काढलाय आणि दुसरा पत्रा डकवलाय. असं कोण करतं ते तुला सांगायला नको. चोरीचा माल खपवणारे करतात. मग प्रश्न हा, की वकिली केलेला माणूस कागद न पाहता चेसी घेतो कशी? आणि ती घेऊन सरळ आमच्याच दारात येतो कसा? उद्या पोलीस आले तर गॅरेज कोणाचं? माझं.

तिघांतलं कोणीतरी खोटं बोलतंय. वकील, बाळापूरचा तो भंगारवाला चंद्रभान, नाहीतर तू. माझा कोणावर जास्त संशय आहे ते तुला कळलंच असेल.

सबीहा


अकोला, ३ डिसेंबर

इमादभाई,

उत्तर नाही. ठीक. उत्तर नसणं हेही मी उत्तरातच धरते.

काम मी थांबवलं नाही. थांबवलं असतं तर वकील सावध झाले असते. म्हणून चेसी लाकडी ठोकळ्यांवर घेतली, पाण्याच्या नळीनं पातळी साधली, ओळंबे सोडून जमिनीवर खडूनं खुणा केल्या आणि दोरीनं दोन्ही कर्ण मोजले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा चांगला दोन बोटं जास्त भरला. याचा अर्थ चेसी समोरून मार खाल्लेली आहे. कोणीतरी ती कुठंतरी आपटली आहे आणि नंतर ओढून सरळ केल्यासारखं केलं आहे.

वकिलांच्या जीपला ती तशीही बसत नाही. कंपनी तीच, पण ही नंतरच्या काळातली. मागं वीतभर लांब आहे, ती शेपटी कापावी लागेल. बॉडीच्या बोल्टची भोकं जुळत नाहीत, त्यांना नवे कान वेल्ड करावे लागतील. स्टिअरिंगचा डबा जिथं बसायचा तिथं नळी आडवी येते. हे सगळं मी कागदावर काढलं, वकिलांना समजावलं, ते चष्मा सावरत "हो हो" म्हणाले. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच पाहत होते. माणूस घाबरलेला वाटला नाही. मुरलेले असले की तसं वाटत नाही.

मग इंजिनाच्या फाउंडेशनकडे आले. मूळ भोकांच्या मागं आणखी चार भोकं होती. म्हणजे या चेसीवर कधीतरी डिझेल इंजिन चढवलेलं होतं. अब्बांनी आपल्या जीपवर चढवलं होतं तसं. पण डिझेल चढवलेल्या जीपा आपल्या भागात काही कमी नाहीत. मी पुढं गेले. खरं सांगायचं तर पुढं गेले नाही, दुसऱ्या दिवशी बस धरून बाळापूरला गेले.

चंद्रभान रस्त्याच्या कामात अर्धी जागा जाते म्हणून माल काढत होता. मला पाहून त्यानं ढिगावरून एक बॅटरी उचलली आणि दुसऱ्या ढिगावर नेऊन ठेवली. उगाच.

"वकिलांना दिलेली चेसी कोणाची?"

"भंगारातल्या मालाले नावगाव नसते, ताई."

"मग नंबरचा तुकडा कोणी कापला?"

"ज्यानं देल्ली त्यानं."

"आणि दिली कोणी?"

त्यानं हातातलं फडकं झटकलं. "ताई, तुमी खरंच नाई ओळखली? तुमच्या घरचीच तं हाये. इमादनं आनून टाकली होती. म्हने, नंबरचा तुकडा आरटीओत जमा केला, गाडी कागदावरून उतरवली, आता कटरनं बारीक तुकडे कर. मी म्हटलं करतो."

"मग केले का नाहीत?"

"लोखंड चांगलं होतं. मन नाई झालं."

मी तिथंच एका टायरवर बसले. त्यानं पाणी दिलं ते प्यायले नाही.

म्हणजे चोरी नाही. वकील साधे निघाले, चंद्रभान लोभी निघाला. राहिला तू.

इमादभाई, तू काय सांगितलं होतंस ते मला शब्दन् शब्द आठवतं. धारणीच्या घाटात अडकलेला ट्रक ओढायला तुम्ही दोघं आपली जीप घेऊन गेलात. चालवायला देवमनकाका होता. अब्बांचा लहानपणापासूनचा दोस्त. उतारावर जीपचं तोंड एकदम बसलं, गाडी कड सोडून खाली गेली, काका जागेवर गेला आणि तू गळपट्टीचं हाड मोडून वाचलास. अब्बांनी दवाखान्यात तुला विचारलं, "कोठून तुटली?" तू म्हणालास, "डावीकडून." त्याच आठवड्यात चेसीला जोर यावा म्हणून डाव्या बाजूला लोखंडी पट्टी मारली होती ती तूच, घाईत. अब्बा नको म्हणत होते तशी, सरळ उभी, टोकं निमुळती न कापता.

"देवमन तुह्या हातानं गेला," अब्बा म्हणाले. "माह्या गॅरेजात पाय ठेवू नको."

तू वाद घातला नाहीस. आम्हाला वाटलं, तोंडच नव्हतं. मग कळलं की जीपचे तुकडे करून भंगारात दिले. अब्बांना ती शेवटची पाहूसुद्धा दिली नाहीस. त्या वेळी वाटलं, दुःखानं केलं. आता कळतंय, एवढी घाई कशाची होती. पुरावा होता तो.

पण तुकडे झाले नाहीत. ती चेसी माझ्या शेडमध्ये ठोकळ्यांवर आहे आणि तुझी पट्टी त्या लाल रंगाखाली आहे. ग्राइंडर माझ्याकडे आहे. पाहते तुझा जोड.

सबीहा


अकोला, १४ डिसेंबर

इमादभाई,

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं.

मला तुझी पट्टी तुटलेली पाहायची होती. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं. अब्बा जेवायला घरात गेले तेव्हा दार ओढून घेतलं आणि डाव्या बाजूचा रंग काढायला बसले. पट्टी दिसली. सरळ उभी, दोन्हीकडे जाड ओबडधोबड जोड, तुझ्या हाताचाच. आणि अखंड. कुठं केसाएवढी चीर नाही. हातोड्यानं वाजवून पाहिली, घंटेसारखा आवाज आला.

माझा पहिला विचार काय आला सांगू? की तू नंतर पुन्हा वेल्ड करून ठेवली असशील. म्हणून आणखी खरवडलं. लाल रंगाखाली अब्बांचा काळा रंग निघाला. जोडावरून, पट्टीवरून, शेजारच्या लोखंडावरून, सगळीकडून सलग. अब्बांनी गाडी घाटात जायच्या आधी दोन दिवस स्वतः खालून रंगवली होती, हे मला तूच फोनवर सांगितलं होतंस. त्या रंगाच्या वर तू काही केलेलं नाही. जोड तेव्हाचाच आहे आणि तेव्हापासून धरून आहे.

मग उजव्या बाजूला गेले. तिथं अब्बांची पट्टी. शंकरपाळ्याच्या आकाराची, चारही टोकं निमुळती, जशी ते नेहमी कापायचे. तीही शाबूत. पण तिच्या वीतभर पुढं चंद्रभाननं एक पत्रा डकवला होता. तो कापून काढला. खाली तुटलेलं लोखंड होतं. चेसीच्या खालच्या काठाला एक भोक आहे, ट्रक ओढायचा हूक बसवायला पाडलेलं. चीर त्या भोकापासून निघून वर चढली आहे. खालच्या काठाला भोक पाडायचं नाही, हे अब्बांनीच आपल्याला शिकवलं. कोणा गिऱ्हाइकानं घाई केली असेल, म्हणून त्यांनी पाडलं असेल. पण ते सोडून दे.

मी बॅटरी धरून चिरेच्या आत पाहिलं. खालचा अर्धा भाग आतून काळा आहे. गंज नाही, रंग. अब्बांचा तोच काळा रंग. वरचा अर्धा नुसता गंजलेला.

म्हणजे अब्बा खाली झोपून गाडी रंगवत होते तेव्हा चीर तिथं होती. रंग आत जाण्याएवढी होती. ब्रश तिच्यावरून गेला. आणि त्यांना दिसली नाही.

त्यानंतर मी काही काम केलं नाही. मला एकेक आठवत गेलं. त्या वर्षी सुटीत घरी आले होते तेव्हा अब्बांनी चहा कपाच्या बाहेर ओतला होता आणि हसून म्हणाले होते, हात थरथरला. पाना हातानं चाचपून उचलायचे. नटाचा नंबर मला वाचायला लावायचे, म्हणे तुला शिकवतो. धक्क्यानं डोळे गेले नाहीत, इमादभाई. डोळे आधीच जात होते. आणि तुला माहीत होतं. तू मोडलेल्या खांद्यानं तिथं दरीतच गाडीची चीर पाहिली असशील, रंग पाहिला असशील. आणि दवाखान्यात म्हणालास, डावीकडून.

मी अजूनही सगळं खरं मानलेलं नाही. मी शोधते आहे की यात तुझा काही फायदा होता का. तुला तिवस्याला जायचंच होतं का, गॅरेज नको होतं का, कोणी मुलगी होती का. उलटसुलट करून पाहिलं. काही सापडत नाही.

आता अब्बांना सांगू की नको? ते पाच वर्षं हेच धरून बसलेत की मुलाच्या हातून दोस्त गेला. त्याऐवजी काय देऊ त्यांच्या हातात? की तुमच्याच डोळ्यांमुळं गेला?

या वेळी उत्तर दे. एक ओळ दे.

सबीहा


अकोला, २८ डिसेंबर

इमादभाई,

तुझी ओळ आली नाही आणि आता तिची गरजही उरली नाही.

परवा दुपारी वकील आले. चेसी चिरलेली आहे, वापरता येणार नाही, एवढंच मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. बाकी काही नाही. ते दारातूनच मोठ्यानं म्हणाले, "काय सबीहाबाई, चीर कुठं आहे दाखवा तरी. म्हणजे चंद्रभानला विचारता येईल मला."

अब्बा खुर्चीवर होते. त्यांनी मान वळवली.

"चीर कोन्त्या बाजूले हाये?"

 वकिलांना काहीतरी चुकल्याचं कळलं. अब्बा उठले. भिंत धरून, मग बाकावरचा व्हाइस धरून, मग चेसीच्या टोकाला हात लागला तशी ती धरून चालू लागले. मी "अब्बा, तिकडे कटर पडलाय" म्हटलं, ते थांबले नाहीत. उजव्या बाजूवरून हात फिरत गेला आणि पट्टीवर आला. बोटांनी तिचं एक टोक पाहिलं, मग दुसरं, मग चारही.

"हे तं माही पट्टी हाये."

"हो, अब्बा."

"हे आपली जीप हाये का, बेटा?"

"हो."

"तिचे तं तुकडे केले होते."

"केले नव्हते."

त्यांनी हात पुन्हा पट्टीवर ठेवला. मग विचारलं, "डाव्या बाजूची पट्टी कशी हाये?"

एक शब्द बोलले असते तर झालं असतं. तुटली. तू दवाखान्यात बोललास तसंच. तो शब्द माझ्या तोंडात होता. तुझ्यासारखी मी नाही, मला जमलं नाही.

"शाबूत आहे."

"नीट पाह्यली?"

"घासून पाहिली. वाजवून पाहिली."

"मंग तुटली कोठून?"

मी त्यांचा हात धरला आणि बोट चिरेवर नेऊन ठेवलं. त्यांनी भोक चाचपलं. आत नख घातलं, खरवडलं, नखावर आलेला कण माझ्यासमोर धरला.

"रंग कोन्ता हाये?"

"काळा."

"चिरेच्या आतमंदी?"

"हो, अब्बा."

ते खाली बसले. ऑइलमध्येच बसले. वकिलांनी पुढं होऊन त्यांच्या दंडाला धरलं आणि स्वतःही शेजारी उकिडवे बसले, पांढऱ्या पँटीत. त्यांना काही ठाऊक नव्हतं, विचारलंही नाही. त्यांच्यावर घेतलेला संशय मला त्या क्षणी फार जड झाला.

मग अब्बा बोलले. "मले दिसत नोतं. देवमनले मालूम होतं. तो म्हने, डॉक्टरकडं चाल. मी म्हटलं, थंडी पडू दे, मंग जाऊ." मग म्हणाले, "म्या इमादले इचारलं अन् त्यानं लगेच सांगतलं. लगेच. मले तवाच समजाले पाह्यजे होतं. तो पोरगा कधी लगेच कबूल करे का?"

त्यानंतर ते जेवले नाहीत, तुझं नाव घेतलं नाही आणि माझ्याशी बोलले नाहीत. मला भीती वाटते. हे मी का केलं? तुला माहीत असेल तर लिही.

सबीहा


अकोला, ६ जानेवारी २०२५

इमादभाई,

चार-पाच दिवस तसेच गेले. मग एका सकाळी अब्बा आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बसले. "अकोटले चाल," म्हणाले. देवमनकाकाच्या आशाकाकूकडे.

मी म्हटलं, आधी तिवस्याला जाऊ. म्हणाले, "नाई. पह्यले तिले सांगाले पाह्यजे. तिचा माणूस गेला."

एसटीत खिडकीशी बसले. वाटेत एकदाच विचारलं, कापूस निघाला का. मी म्हटलं, बराच निघाला.

आशाकाकू अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. अब्बांना पाहून पदर सावरला, खाट पुढं केली. अब्बा बसले नाहीत.

"आशा, मले बस म्हनू नको. आधी आयक. देवमन इमादच्या हातानं नाई गेला. माह्या डोयानं गेला. गाडीले चीर होती, म्या तिच्यावर रंग मारला. मले दिसत नोतं अन् म्या कोनाले सांगतलं नाई. पोरानं नाव सोतावर घेतलं."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. तिनं माझ्याकडे पाहिलं, "हे खरं बोलून राह्यले का?" म्हणून. मी "हो" म्हटलं.

"मी त्या पोराले पाच वर्सं शिव्या देल्या, ताहेरभाऊ," ती म्हणाली. "बाजारात देल्या. चार बायांत बसून देल्या. एक डाव तो इथं दारापावतर आल्ता, हातात काहीतरी पिशवी होती. त्याले म्हटलं, तुहा वंश बुडो. त्यानं खाली मान घालून आयकलं, पिशवी ठेवली अन् गेला. आता त्या शिव्या म्या कोनाले देऊ?"

"मले दे," अब्बा म्हणाले.

"तुमाले देऊन काय होते? तुमी तं आंधये होऊन बसले."

ती उठून घरात गेली. आम्ही उभेच. मला वाटलं, आता बाहेर येत नाही. अब्बा जायला वळले नाहीत. बऱ्याच वेळानं आली ती पाण्याचा तांब्या घेऊन. पेला मला दिला. अब्बांना दिला नाही. पुन्हा शेंगांपाशी बसली आणि आमच्याकडे न पाहता म्हणाली, "त्या पोराले माह्याकडं पाठवा. तुमच्या घरी जाच्या आधी माह्याकडं आला पाह्यजे. सांगजा त्याले."

परत येताना अब्बांना हात धरून बसमध्ये चढवलं. 

वकिलांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मोठा श्वास सोडला. म्हणाले, नंबर जमा झालेली चेसी रस्त्यावर आणणं तसंही कायद्यात बसलं नसतं, मीच आधी विचारायला हवं होतं, वडिलांची गाडी म्हणून आंधळा झालो. मग तो शब्द तोंडून गेला म्हणून ओशाळले. अब्बा म्हणाले, "चालते, वकीलसाहेब." त्यांनी आता लष्कराच्या लिलावातली एक चेसी मिळवलीय, कागदांसकट. तीही जशीच्या तशी बसणार नाही, पण कान कुठं लावायचे ते माझ्याकडे काढलेलं आहेच. अब्बा काल तिच्याजवळ बसून हातानं काठ पाहत होते. "खालून भोक पाडू नको," म्हणाले. पहिल्यांदाच कामाचं बोलले.

तुझ्याबद्दल मला काही लिहिता येत नाही. पहिल्या पत्रापासून मी जे जे लिहिलं ते तू फाडून टाक. आशाकाकूचा निरोप तेवढा ठेव.

सबीहा


तिवसा, १० जानेवारी

सबीहा,

सगळी पत्रं मिळाली. फाडली नाही.

उत्तर दिलं नाही कारण तू चेसीबद्दल लिहिलं तवाच मला कळलं होतं का तू घासणार. तुला लहानपणी घड्याळ दिलं तरी तू ते उघडून पाहायची. मी काही लिहिलं असतं तर तू आणखी घासलं असतं. वाटलं, गप्प राहिलो तर तिचा राग राहील आणि ती माझीच पट्टी तुटली असं समजून सोडून देईल. चुकलं माझं.

वकिलांना मीच पाठवलं. ते वर्कशॉपात आले, जुन्या जीपचं विचारत होते. वाटलं, तुला चांगलं काम मिळंल. आधी पार बाळापूरला जाऊन ते चंद्रभानकडून काय उचलतील हे मला काय माहीत. त्या चंद्रभानला मी भेटणार आहे.

तू विचारलंस, यात माझा काय फायदा होता. मला राग आला वाचून, दोन दिवस कामावर बोललो नाही कोणाशी. मग विचार केला, विचारणारच ती. ऐक. अब्बांनी दवाखान्यात विचारलं तेव्हा ते माझ्या पलंगाच्या जरा बाजूला पाहून बोलत होते. मी कुठं आहे ते त्यांना नीट दिसत नव्हतं. देवमनकाका नुकताच गेलेला. अशा माणसाला मी काय सांगायला पाहिजे होतं? तोंडातून निघून गेलं. एकदा निघाल्यावर मग वापस कसं घेणार. मला वाटलं होतं, ते ओरडतील, दोन महिन्यांनी बोलावतील. त्यांनी बोलावलं नाही. मग मला पण राग आला, हे पण खरं आहे. माझ्या मनात सगळं साफ होतं असं समजू नको. कधी कधी वाटायचं, कोणी तरी येऊन रंग खरवडावा. तू खरवडलास तर तुझ्यावरच भडकलो.

तू अब्बांना खोटं सांगायला पाहिजे होतंस. मी अजून तेच म्हणतो. तुला खरं पाहिजे होतं, मला आपला बाप पाहिजे होता. पण तू लिहिलंस का ते स्वतः सदरा घालून अकोटला गेले आणि काकूसमोर उभे राहिले. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तसा बाप मला वाचवता आला नसता.

त्यांच्या डोळ्यांचं अमरावतीला विचारून ठेवलं आहे. नाही म्हणाले तर मी उचलून नेईन.

मालकाकडून रजा घेतली. रविवारी सकाळच्या गाडीनं निघतो. आधी अकोटला जाईन. काकूनं जे द्यायचं ते देऊ दे, मी उभा राहीन. किती वेळ लागंल सांगता येत नाही. तिथून घरी येतो.

अब्बाले सांग, माह्यासाठी जेवाचे थांबू नका. थांबतीनच, पन सांग.

इमाद